अपुऱ्या दिवसांचीं मुलें : रत्नागिरीकडील साधनांचा कांहीं विचार

कोंकणांतील जुन्या घराण्यांचीं दप्तरें चाळतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत वारंवार आली. मुलाचा जन्म कोणत्या शकांत, कोणत्या मासीं, कोणत्या तिथीस, किती घटिका व किती पळें दिवस चढला असतां झाला, हें टिपून ठेवण्यांत आमच्या पूर्वजांनीं कसूर केलेली नाहीं. पंचांगाच्या समासांत, पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, जमाखर्चाच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आंतल्या अंगास अशा नोंदी सांपडतात. परंतु तें मूल आईच्या पोटांत किती दिवस राहून जन्मास आलें, याविषयीं त्याच नोंदी मौन धरतात. जन्मवेळ हवी होती ती पत्रिकेकरितां. आधानलग्नाचा विचार ज्योतिषग्रंथांत आहे खरा. पण नित्याच्या पत्रिकेंत तो उतरत नाहीं. परिणाम असा झाला कीं, पळापर्यंत सूक्ष्म काळ मोजणाऱ्या समाजानें नऊ महिन्यांचा हिशेब मात्र कागदावर ठेविला नाहीं.

ही उणीव किरकोळ नव्हे. शेवटच्या ऋतूच्या पहिल्या दिवसापासून ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस, पुरे होण्याआधीं झालेल्या जन्मास आजचे वैद्य अकालप्रसव म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहकारी संस्था यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२० सालीं जगांत अशीं सुमारें १ कोटि ३४ लक्ष बालकें जन्मलीं. त्यांपैकीं ३० लक्षांहून अधिक एकट्या भारतांत. पांच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचें पहिलें कारण आज हेंच आहे. शिवाय, २०१० सालीं जगांत शेकडा ९.८ असलेलें हें प्रमाण २०२० सालीं ९.९ होतें, म्हणजे दहा वर्षांच्या प्रयत्नांनीं तें हाललें नाहीं. ज्या गोष्टीचा वर्तमान एवढा मोठा, तिचा भूतकाळ आपल्या जिल्ह्यापुरता तरी शोधतां येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या कागदांवरून, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शास्त्रग्रंथांकडे वळूं. सुश्रुताच्या मतें प्रसूति नवव्या, दहाव्या, अकराव्या किंवा बाराव्या महिन्यांत व्हावी. याहून अन्य काळीं झालेली ती विकृत. चरकानें आठव्या महिन्याविषयीं विशेष भय दाखविलें आहे. त्या महिन्यांत ओज आईकडून गर्भाकडे व गर्भाकडून आईकडे अस्थिरपणें फिरत असतें, म्हणून तेव्हांचा जन्म धोक्याचा, असा त्याचा अभिप्राय. सातमाशी मूल जगतें पण आठमाशी जगत नाहीं, ही जी समजूत आमच्या खेड्यांतून आजहि ऐकूं येते तिला या मतानें आधार दिला असावा. मौज अशी कीं, ग्रीक वैद्य हिपोक्राटीस याच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथांतहि आठव्या महिन्याच्या मुलावर स्वतंत्र प्रकरण असून तेथेंहि हेंच मत आहे. अनुभव मात्र दोघांच्या विरुद्ध आहे. गर्भांत काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक मुलाच्या जगण्याचा संभव वाढतच जातो. मग ही समजूत दोन दूरच्या देशांत इतकीं शतकें टिकली कशी? तिचें एक कारण आम्हांस सुचतें, तें पुढें योग्य स्थळीं सांगूं.

वैद्यकाहून धर्मशास्त्राचे ग्रंथ या बाबतींत अधिक उपयोगाचे आहेत, कारण ते घरोघर व्यवहारांत होते. गर्भ किती महिन्यांचा असतां पडला यावर सुतकाचे दिवस अवलंबून. चौथ्या महिन्यापर्यंत तो 'स्राव', पांचव्या-सहाव्यांत 'पात', आणि सातव्यापासून पुढें 'प्रसूति', अशी पराशरादि स्मृतींची वांटणी निबंधकारांनीं एकमुखानें स्वीकारिली आहे. स्रावांत व पातांत आईस सामान्यतः जितके महिने तितके दिवस अशौच. सातव्यापासून मात्र मूल जिवंत असो वा मृत, पूर्ण दहा दिवस, आणि तेंहि सर्व सपिंडांस. महाराष्ट्रांत या विषयाचा ज्या ग्रंथावरून निर्णय होत असे, तो 'धर्मसिंधु' शके १७१२ मध्यें, म्हणजे १७९०-९१ च्या सुमारास, पुरा झाला; त्याचे कर्ते काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये हे पंढरपुरीं राहात असले तरी त्यांचें घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील गोळवलीचें. याच जिल्ह्यांत चिपळुणाजवळ परशुराम येथें १८८० सालीं जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या अशौचप्रकरणाची सर्व वचनें एकत्र केलीं आहेत. जिज्ञासूंनीं तीं तेथें पाहावीं.

या वांटणीचें महत्त्व पुरातत्त्वाच्या दृष्टीनें मोठें आहे. सहा चांद्र महिने पुरे होणें म्हणजे सुमारें १७७ दिवस, पंचवीस आठवडे. आज आपल्या देशांत २८ आठवड्यांच्या पुढील मृत गर्भाची नोंद मृतजन्म म्हणून करावी लागते, त्याच्या आंतल्याची नाहीं. शास्त्र्यांची रेषा व सरकारी रेषा यांत तीन आठवड्यांच्या आंतला फरक. दुर्बिणी आणि यंत्रें नसतां, केवळ जगणारीं व न जगणारीं मुलें पाहून, आमच्या निबंधकारांच्या पूर्वसूरींनीं ही रेषा ओढली असली पाहिजे. आणि रेषा होती त्याअर्थीं महिने मोजलेहि जात होते. भटजीस सुतकाचा निर्णय विचारावयास जाणाऱ्यास 'कितवा महिना?' या प्रश्नाचें उत्तर द्यावेंच लागे. म्हणजे माहिती घरांत होती. ती वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं होती. पुरुषांच्या वहींत ती चढली नाहीं, एवढेंच.

वहींत काय चढतें याचा एक मासला देतों. राजाराम महाराजांचा जन्म ता. २४ फेब्रुवारी १६७० चा. ते पालथे उपजले ही गोष्ट सभासदानें आवर्जून लिहिली आहे, कारण त्या पालथेपणावरून दिल्लीची पादशाही पालथी पडण्याचा शकुन काढतां आला. प्रसूतीतील विकृति बखरकाराच्या लेखणीस तेव्हांच शिवते, जेव्हां तिला शकुनाचें मोल येतें. अपुऱ्या दिवसांस असें मोल नव्हतें. त्यास मोल आलें तें वारसाचा वाद पडला तेव्हां. आणि तसा वाद मराठ्यांच्या इतिहासांत एकदां फार मोठ्या प्रमाणावर पडला.

नारायणराव पेशव्यांचा वध शके १६९५ भाद्रपद शुद्ध १३, ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला. त्यांची पत्नी गंगाबाई त्या वेळीं गर्भवती होती. बारभाईंनीं तिला जानेवारी १७७४ मध्यें पुरंदरावर नेलें आणि तेथें शके १६९६ वैशाख शुद्ध ७, ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले. ज्यांच्या नजरेखालीं हें सर्व घडलें ते नाना फडणीस मूळचे वेळासचे, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्याच्या किनाऱ्यावरचे. तेव्हां हा प्रसंग घांटावरचा असला तरी आमच्या विषयास परका नाहीं. राघोबादादांच्या पक्षानें मुलाविषयीं संशय उठविला. गडावर आणखी गर्भवती ब्राह्मणस्त्रिया ठेविल्या होत्या, मुलगी झाली असती तर बदलण्याचा बेत होता, असा प्रवाद पसरला आणि ग्रांट डफनेंहि त्याची दखल घेतली. पुढें मुंबईकर इंग्रजांनीं दादांचा पक्ष उचलून ता. ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेस तह केला. एका गर्भाच्या दिवसांवर राज्याचें भवितव्य लोंबकळत होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां हिशेब करूं. वधापासून जन्मापर्यंत २३१ दिवस भरतात, म्हणजे बरोबर ३३ आठवडे. तिथींनीं मोजल्यास ७ मास व २४ तिथि होतात. तिथीचें मान दिवसापेक्षां किंचित् कमी असल्यामुळें दोन्ही हिशेब एका दिवसाच्या आंत जुळतात, आणि मध्यें अधिक मास पडलेला नाहीं हेंहि त्या मेळावरून ठरतें. (अधिक मास विसरल्यामुळें जुन्या कागदांवरील गर्भमास एका महिन्यानें चुकविल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आहेत, वाचकांनीं सावध असावें.) धारणेपासून पुऱ्या दिवसांच्या प्रसूतीपर्यंत सरासरीनें २६६ दिवस जातात, शेवटच्या ऋतूपासून २८०. मूल पुऱ्या दिवसांचें होतें असें धरिलें तर धारणा वधाच्या ३५ दिवस आधीं, जुलै १७७३ च्या अखेरीस पडते, आणि वधाच्या दिवशीं गंगाबाईस दुसरा महिना चालू होता असें निघतें. उलट टोकास जाऊन धारणा वधाच्या अगदीं आदल्या रात्रींची मानली, तरी मूल आजच्या गणनेनें सुमारें ३५ आठवड्यांचें ठरतें. तें अपुऱ्या दिवसांचें खरें, पण अशीं मुलें जगतात. याचा अर्थ, दिवसांच्या हिशेबावर उभारलेला आक्षेप कोणत्याहि बाजूनें टिकत नाहीं. बदलाबदलीचा प्रवाद निराळा. तो दिवस मोजून सुटणारा नव्हे, आणि त्याचा निर्णय आम्ही येथें करीत नाहीं.

मात्र या हिशेबावरून एक गोष्ट उघड होते. दुसऱ्या महिन्यांतला गर्भ घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांवांचून कोणास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. म्हणूनच संशयास जागा राहिली. पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें कलम ११२ मध्यें, विवाहसंबंध संपल्यापासून २८० दिवसांच्या आंत जन्मलेलें मूल औरस समजावें, असा नियम घालून दिला. २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमांतहि तो कायम आहे. गंगाबाईच्या पदरीं हा नियम असता तर तिचे २३१ दिवस निर्विवाद चालले असते. पण नियम नव्हता. तिच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. आणि तिचा शब्द कोणी टिपून ठेविला नाहीं. ती स्वतः १७७७ सालीं वारली.

राजवाड्यांत जें एकदां घडलें तें आमच्या जिल्ह्यांतील साध्या घरांतून पिढ्यान् पिढ्या घडत होतें, हें सांगण्यासाठींच एवढा विस्तार केला. १८५४ नंतर मुंबईस कापडाच्या गिरण्या निघूं लागल्या आणि रत्नागिरीचा तरुण पुरुष मुंबईस गेला. त्याच्याहि आधीं तो पलटणींत व गलबतांवर जात होताच. घर, गुरें, शेत व म्हातारीं माणसें स्त्रीच्या गळ्यांत पडलीं. २०११ च्या खानेसुमारींतहि या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें अकराशेंहून अधिक स्त्रिया आहेत, यावरून त्या स्थलांतराची खोली कळावी. चाकरमानी घरीं येई तो गणपतीस, शिमग्यास किंवा वैशाखांत. चार-आठ दिवस राहून परत जाई. त्यामुळें धारणेची तारीख सगळ्या वाडीस तोंडपाठ. भाद्रपदांत नवरा येऊन गेला तर मूल ज्येष्ठांत अपेक्षित. तें चैत्रांत उपजलें तर काय?

येथें 'सातमाशी' या शब्दाचें खरें स्वरूप प्रकट होतें. हा शब्द जितका वैद्यकाचा तितकाच अब्रूचा आहे. जें मूल खरोखर दोन महिने आधीं आलें, त्याच्या आईवर संशय येऊं नये म्हणून सुईण पंचांत उभी राहून 'सातमाशी' म्हणे. जें आधीं आलें नव्हतें, त्याच्याहि आईस वांचविण्यासाठीं कधीं कधीं तीच सुईण तोच शब्द वापरी. नख वाढलें आहे कीं नाहीं, अंगावर लव किती, कान मऊ आहे कीं उभा राहातो, हीं तिचीं परीक्षेचीं साधनें. आजचे बालवैद्यहि तारखेचा भरंवसा नसेल तेव्हां त्वचा, लव आणि कानाची पाळी यांवरूनच वयाचा अंदाज बांधतात. तिला सत्य कळत असे. तिनें तें नेहमीं सांगितलेंच असें नाहीं, आणि तिला दोष देण्यास आम्ही धजत नाहीं.

पूर्वीं राखून ठेविलेलें कारण आतां सांगतां येईल. सातमाशी मुलें आठमाशांपेक्षां अधिक जगत, असा जो लोकांचा अनुभव, त्यांत लबाडी अनुभवाची नसून नांवाची आहे. सातमाशी म्हणून गणलेल्या मुलांत कित्येक पुऱ्या दिवसांचीं असत, म्हणून तीं जगत. आठमाशी म्हणण्याची गरज क्वचित् पडे. तेव्हां आठमाशी म्हटलेलीं मुलें बहुधा खरोखरच अपुरीं असत. यावरून संग्राहकांस एक सूचना मिळते : कुळवृत्तांतांत किंवा पत्रांत 'सातमाशी' हा शब्द आढळल्यास तो गर्भकालाचा पुरावा म्हणून घेऊं नये. घरास कांहीं स्पष्टीकरण द्यावें लागलें, एवढाच त्याचा निर्विवाद अर्थ.

आतां हीं मुलें अकालीं कां येत, याचा विचार. कारणें आज जीं ठाऊक आहेत त्यांत आईचें कोवळें वय, दोन बाळंतपणांतील थोडें अंतर, रक्ताची उणीव, हिंवताप व मूत्रमार्गाचे विकार, जुळें असणें, आणि गरोदरपणीं वाढणारा रक्तदाब हीं मुख्य होत. अतिश्रम व निकृष्ट आहार यांचा बोजा त्यांवर पडतो. यांपैकीं पुष्कळशीं आमच्या किनाऱ्यावर एकाच बाईच्या वांट्यास येत. शिमग्यांत गर्भ राहिला तर आषाढांतील भाताची लावणी चौथ्या-पांचव्या महिन्यांत येते. गुडघाभर चिखलांत वांकून दिवसभर रोप लावावयाचें, डोक्यावर इरलें, पोटांत नाचणीची भाकरी किंवा पेज. कापणी व झोडणी आश्विन-कार्तिकांत, म्हणजे नेमकी सातव्या-आठव्यांत. जांभ्या कातळावरून पाण्याचे हंडे, कवळाचे व लाकडाचे भारे तर बारा महिने. पावसाळ्याच्या शेवटीं हिंवतापाची साथ. १९५३ सालीं देशव्यापी हिंवताप-नियंत्रणाची मोहीम सुरू होईपर्यंत या रोगानें गर्भवतींचें किती नुकसान केलें याचा आंकडा कोणत्याहि दप्तरांत मिळावयाचा नाहीं. कारण 'तापानें पोट गेलें' हें वाक्य बोलण्यांत राहिलें. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाविषयींहि तेंच. ती सांथ गर्भवतींस सर्वत्रच विशेष घातक ठरली होती, आणि मुंबईशीं नित्य दळणवळण असलेला हा जिल्हा तिच्या तोंडींच होता.

श्रमाच्या बाबतींत एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवावा. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० नंतरच्या दशकांत के. ई. एम. रुग्णालयाच्या वैद्यांनीं गर्भवतींचा अभ्यास केला. पालेभाजी व फळें वारंवार खाणाऱ्या आयांचीं मुलें मोठीं आणि जड कामें उपसणाऱ्यांचीं लहान, असें त्यांत आढळलें. हें मुलाच्या आकाराविषयीं झालें, दिवसांविषयीं नव्हे. १९४८ पासून जागतिक संघटना अडीच किलोखालचें प्रत्येक मूल अकालप्रसूत समजत असे; पुऱ्या दिवसांचें पण अशक्त मूल त्यांत निष्कारण मोजलें जातें हें ध्यानांत आल्यावर १९६१ सालीं वजन व दिवस यांची फारकत करण्यांत आली. यामुळें १९६१ पूर्वींच्या इस्पितळांच्या अहवालांत 'अकालप्रसूत' हा शब्द दिसला, तर त्यामागें दिवस आहेत कीं तराजू, हें प्रथम पाहावें. ही चूक आम्हींहि एकदां केली आहे.

वयाच्या प्रश्नाचा इतिहास मात्र कागदांवर विपुल आहे. सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठिकाणीं पंचवीस वर्षांखालील पुरुषापासून राहिलेला गर्भ पोटांतच नाश पावतो, जन्मला तर फार दिवस जगत नाहीं, जगला तर दुर्बल होतो, असें सुश्रुतानें सांगून ठेविलें आहे. असें स्पष्ट वचन असतां आमच्या घरांतून ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधान होत असे. आनंदीबाई जोशी यांचें लग्न नवव्या वर्षीं झालें, चौदाव्या वर्षीं त्या माता झाल्या, आणि तें मूल दहा दिवसच जगलें. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधास विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन मुलींची मर्यादा दहांवरून बारांवर गेली. त्या वादांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं विवाहवयाविषयीं धर्मशास्त्राच्या आधारें निबंध लिहिला, तर बाळ गंगाधर टिळकांनीं परकी सरकारानें धर्मांत हात घालूं नये म्हणून विरोध केला. एकाचा जन्म मालवणचा व शिक्षण रत्नागिरीचें, दुसऱ्याचा जन्म रत्नागिरीचा. मालवण तेव्हां याच जिल्ह्यांत होतें. वादाची दोन्ही टोंकें एकाच जिल्ह्यानें पुरविलीं, आणि दोन्हीकडच्या लेखांत पोथ्यांचीं वचनें भरपूर असून त्याच जिल्ह्यांतील सुईणीची साक्ष कोठेंच नाहीं, हें आम्हांस नेहमीं खटकतें. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीचें विवाहवय चौदा झालें, १९७८ सालीं अठरा. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेकडा २१.९ स्त्रियांचें लग्न अठराव्या आंत झालेलें निघालें, व पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत शेकडा ५४.२ रक्तक्षयी. वय कांहींसें सुधारलें. रक्त सुधारलें नाहीं.

आजच्या काळीं चिपळूण तालुक्यांतील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या वैद्यांनीं या भागांतील किशोरवयीन मुलींच्या प्रकृतीचा दीर्घकालीन अभ्यास हातीं घेतला आहे. मुलाचें भवितव्य आईच्या गरोदरपणांत नव्हे, तर तिच्या स्वतःच्या वाढीच्या वयांतच ठरूं लागतें, असा त्यामागील विचार आहे. सुश्रुताच्या वचनाशीं तो ताडून पाहाण्यासारखा आहे.

मग वाढ-घटीची रेषा काढतां येते काय? आमचें स्पष्ट मत असें कीं, जिल्ह्यापुरती ती मागें नेतां येत नाहीं. गांवपाटलाच्या जन्ममृत्यूच्या वह्यांत बापाचें नांव, जात, मूल मुलगा कीं मुलगी एवढें सांपडतें. दिवस सांपडत नाहींत. १८८६ चा नोंदणीचा कायदा ऐच्छिक होता. १९६९ चा कायदा १९७० पासून अमलांत आला. त्याखालीं भरावयाच्या जन्माच्या प्रपत्रांत गर्भाचे आठवडे व मुलाचें वजन यांस आज स्वतंत्र रकाने आहेत. प्रसूति घरांतून इस्पितळांत गेल्या, आणि ध्वनिलहरींच्या यंत्रानें पहिल्या तिमाहींतच गर्भाचें वय सांगतां येऊं लागलें, तेव्हां कोठें रकान्यांतल्या आंकड्यांस अर्थ आला. म्हणून एखाद्या इस्पितळाच्या वह्यांत अकालप्रसव वाढलेले दिसले तर तीन गोष्टी आधीं तपासाव्या : मोजणी सुधारली काय, आसपासच्या तालुक्यांतील अडलेल्या बायका तेथें अधिक येऊं लागल्या काय, आणि रक्तदाबासारख्या कारणानें वैद्यांनीं स्वतःच प्रसूति लवकर करविल्या काय. या तिन्ही गोष्टी वजा करून जें उरेल तीच खरी वाढ. आणि उलट बाजूस, शेगडीच्या उबेस कापसांत गुंडाळून ठेविलेलें जें मूल पूर्वीं चवथ्या दिवशीं जाई व कोणत्याहि वहींत चढत नसे, तें आज जिवंत राहून वहींत चढतें. तेंहि वाढीसारखेंच दिसतें.

मागें रेषा नेतां येत नाहीं म्हणून साधनें निरुपयोगी ठरत नाहींत. एकेका जन्माचा हिशेब तरी त्यांवरून निश्चित लागतो. गंगाबाईच्या बाबतींत आम्हीं जें केलें तें कोणत्याहि घराण्याच्या बाबतींत करतां येईल, दोन तारखा मात्र हव्या. कोंकणांतील घरगुती जमाखर्चांत गर्भाधानाचा खर्च, डोहाळजेवणाचा खर्च, सुईणीस दिलेलें लुगडें व धान्य, आणि बाराव्या-तेराव्या दिवशींचा बारशाचा खर्च असे चारहि खर्च कधीं कधीं एकाच वहींत मिळतात. डोहाळजेवण व बारसें यांतील अंतरावरून दिवसांचा अंदाज बांधतां येतो. जेथें सुईणीचें लुगडें पडलें आहे, पण बारसें नाहीं आणि दहा दिवसांनीं शुद्धीचा खर्च आहे, तेथें काय घडलें असेल तें वेगळें सांगावयास नको. मुंबईच्या चाकरमान्यांचीं पोस्टाच्या शिक्क्यांचीं पत्रें व १८८० पासूनच्या मनिऑर्डरींच्या पावत्या हींहि अशींच बहुमोल. नवरा कोठें व कधीं होता हें त्यांवरून दिवसासह ठरतें.

असे कागद संग्राहकांच्या हातून प्रथम सुटतात, कारण त्यांत ना सनद, ना मुतालकी शिक्का. एका जुन्या प्रसूतिगृहाच्या चाळीस-एक वर्षांच्या वह्या वजनावर रद्दींत गेलेल्या आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या आहेत. आम्ही पोहोंचलों तेव्हां शेवटचें गांठोडें टेंपोवर चढत होतें, आणि दोन वह्या मागून घेतां आल्या त्याहि पावसानें भिजलेल्या. त्यांत प्रत्येक बाईपुढें महिने लिहिले होते. अलीकडच्या वह्यांतील स्त्रियांचीं नांवें प्रसिद्ध करणें उचित नव्हे. तीं झांकून केवळ वय, महिने, मुलाचें वजन व परिणाम उतरून घ्यावे. ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या, पंचांगांच्या समासांतील नोंदी किंवा सुईणीच्या देण्याघेण्याचीं टिपणें असतील त्यांनीं मूळ कागद स्वतःपाशीं ठेवून नकला मंडळाकडे पाठवाव्या, आणि नकलेंत तिथीबरोबर त्या वर्षीं अधिक मास कोणता होता तेंहि लिहावें.